गाठीमास्तरांची दुसरी बॅटरी

मास्तरांनी आयुष्यात कुणाला काही शिकवलं नव्हतं. शाळेलाच त्यांनी सातवीत रामराम ठोकला होता. पण गाड्यांच्या वायरिंगमध्ये हात घालणारा माणूस चाळिशी ओलांडून शाबूत राहिला की लोक त्याला मास्तर म्हणू लागतात, तसे यांनाही म्हणू लागले. त्यापुढचं ‘गाठी’ हे बिरूद मात्र त्यांच्या कामामुळे लागलेलं. मास्तरांनी ओढलेल्या प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना मेणाच्या दोऱ्याचा तुकडा बांधलेला असायचा आणि त्या दोऱ्यावर कधी एक गाठ, कधी दोन, कधी तीन-चार. कुणी विचारलं तर मास्तर म्हणत, “ती आमची सही.” नदीपलीकडच्या एका वायरमनने ही सही इतकी मनावर घेतली की तोही प्रत्येक वायरला तीन-तीन गाठी मारू लागला. त्या कशासाठी हे त्यालाही ठाऊक नव्हतं आणि गिऱ्हाइकांनाही, पण गाठी बघून लोकांना बरं वाटायचं.

डांबरी रस्ता संपून डोंगराची खडी सुरू होते त्या वळणावर मास्तरांची पत्र्याची शेड होती. शेडला लागून मागे दोन खोल्यांचं घर आणि दोन्हींच्या मधलं दार दिवसभर उघडं. खडीपलीकडे कामाला जाणाऱ्या सगळ्या उंच, चारही चाकांना जोर असलेल्या गाड्या इथे थांबायच्या. जाताना ऐटीत आणि येताना लंगडत. अशा गाडीत दुसरी बॅटरी बसवणं हा मास्तरांचा हातखंडा. गाडीची मूळ बॅटरी इंजिन सुरू करण्यापुरती राखायची, फ्रीज, दिवे, पाण्याचा पंप असले खादाड दुसरीच्या गळ्यात बांधायचे, इंजिन चालू असताना डायनॅमोकडून दोघींना भरून घ्यायचं आणि इंजिन बंद झालं की दोघींचा संबंध तोडायचा. “धाकट्या जावेने थोरलीच्या डब्यात हात घालायचा नाही,” एवढं सांगून मास्तर गिऱ्हाइकाला सगळं समजावून टाकत. ते न करता निजलेला माणूस सकाळी गार फ्रीज आणि मुकी गाडी घेऊन डोंगरात बसतो, हे त्यांनी पुष्कळ वेळा पाहिलं होतं.

आता जी गोष्ट मास्तर कुणाला सांगत नसत ती. मास्तरांना लाल आणि हिरव्यातला फरक दिसत नसे. तपकिरी आणि केशरीही त्याच गर्दीत. निळा, पिवळा, काळा, पांढरा हे चार रंग सोडले तर बाकी सगळा त्यांच्या लेखी एकच मळकट प्रकार होता.

एकोणिसाव्या वर्षी ते विजेच्या खांबांवर चढायच्या नोकरीसाठी गेले होते. पळण्यात पहिले आले, चढण्यात पहिले आले. शेवटी डोळे तपासणाऱ्याने ठिपक्यांनी भरलेलं एक पान समोर धरून आकडा वाचायला सांगितला. मास्तर म्हणाले, “आकडा कुठाय? नुसते ठिपके आहेत.” तो माणूस हसला. मग त्याने शेजारच्याला बोलावलं, पुन्हा तेच विचारायला लावलं आणि दोघं मिळून हसले. घरी येऊन मास्तरांनी उंची कमी पडली म्हणून सांगितलं आणि कानाला खडा लावला, की हे पुन्हा कुणाला कळू द्यायचं नाही. ज्याला रंग दिसत नाहीत त्याने त्यानंतर मुद्दाम वायरींचाच धंदा धरावा याला हट्ट म्हणतात, आणि तो मास्तरांकडे वाजवीपेक्षा जास्त होता.

बायकोला ते लग्नानंतर आठव्या दिवशी कळलं. तिने खुंटीवरची हिरवी पिशवी मागितली, मास्तरांनी तपकिरी आणून दिली. तिने पुन्हा मागितली, मास्तरांनी पुन्हा तीच आणली. मास्तरीणबाई हसल्या नाहीत. लग्नाआधी त्या कपडे शिवायच्या कारखान्यात होत्या. तिथे कापलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यांना मापाप्रमाणे दोरा बांधून गाठी मारायची पद्धत होती, म्हणजे अंधुक उजेडातही बोटांना माप कळायचं. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेडमधले वायरींचे सगळे रोल घरात आणून ओळीने मांडले आणि एकेकाला दोरा बांधला. लालला एक गाठ, हिरव्याला दोन, तपकिरीला तीन, केशरीला चार. मास्तर बघत उभे राहिले. चहा झाल्यावर म्हणाले, “बरं आहे.” मास्तरांच्या भाषेत ही फार मोठी स्तुती होती.

तेव्हापासून एकतीस वर्षं हा संसार आणि धंदा त्या गाठींवर चालला. नवा माल आला की तो आधी स्वयंपाकघराच्या खिडकीत जायचा, बाई रंग सांगायच्या, मास्तर गाठी मारायचे. बाहेर कुणी रंगाचं काही विचारलंच तर वेळ मारून न्यायला मास्तरांकडे युक्त्यांचा साठा होता. “चष्मा आत राहिला.” “ती लाल वायर जरा धरा बरं,” असं म्हणून गिऱ्हाइकाच्याच हातून ती उचलून घ्यायची. एवढ्या वर्षांत कुणाला ताकास तूर लागली नाही.

गेल्या पाऊण वर्षात घरात थोडं बदललं होतं, पण ते मास्तरांच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं. बाई सुईत दोरा ओवायचं काम त्यांच्याकडे देऊ लागल्या. “तुमचेच डोळे बरे,” म्हणायच्या आणि मास्तर खूश व्हायचे. एकदा टपालवाल्याला त्यांनी “या भाऊजी” म्हणून धाकटा दीर समजून आत बोलावलं. मास्तर त्यावर आठ दिवस हसत होते.

अशात गुरांच्या डॉक्टर आपली गाडी घेऊन आल्या. पन्नाशीच्या, उंच बुटांच्या, भरभर बोलणाऱ्या. डोंगरापलीकडच्या खोऱ्यात अकरा वस्त्या, तिथे वीज नाही आणि गुरांमध्ये लाळ्या-खुरकूत रोग शिरलेला. अकरा दिवसांत आठशे जनावरांना लस टोचायची होती आणि लस गार राहिली तरच लस. गेल्या वर्षी त्या बर्फाच्या पेटीत घेऊन गेल्या होत्या. चौथ्या दिवशी बर्फाचं पाणी झालं, निम्मी लस ओतून द्यावी लागली आणि शेवटच्या दोन वस्त्यांचे गोठे रिकामे झाले.

“या वेळी फ्रीज आहे,” डॉक्टर म्हणाल्या, “पण तो चालवणार तुम्ही. परवा सकाळी सहाला निघायचंय. जमेल?”

“उद्याच घेऊन जा,” मास्तर म्हणाले. शेखी मिरवायची सवय त्यांना होतीच.

डॉक्टरांनी चार्जर सोबत आणला होता. नव्या तऱ्हेचा, पाण्यात बुडाला तरी चालणारा. त्यामुळे त्यावर स्क्रू नाहीत, अक्षरं नाहीत. ओतीव रबरातून चार वायरी एकाच तोंडाने बाहेर आलेल्या. कोणती कुठे जायची ते सोबतच्या कागदावर छापलेलं. निळी किल्लीला, काळी बॉडीला, लाल पुढच्या मूळ बॅटरीला आणि तपकिरी मागच्या दुसऱ्या बॅटरीला. म्हणजे लालने वीज यायची, तपकिरीने जायची. निळी आणि काळी मास्तरांनी झटक्यात ओळखली. उरलेल्या दोन सारख्याच जाड, सारख्याच गुळगुळीत आणि मास्तरांच्या डोळ्यांना सारख्याच मळकट.

ते चार्जर घेऊन मधल्या दारातून आत गेले. बाई भाजी निवडत होत्या. त्यांनी हात पुसून दोन्ही वायरी खिडकीशी नेल्या, जवळ धरल्या, लांब धरल्या.

“ही लाल,” त्या म्हणाल्या. “ही तपकिरी.”

“नक्की ना?” मास्तर सवयीने म्हणाले. हे ते दर वेळी म्हणत.

“मग काय गंमत करतेय?” बाई म्हणाल्या. हेही दर वेळचंच.

मास्तरांनी एक गाठ मारली, तीन गाठी मारल्या आणि कामाला लागले. मागच्या सीटखाली बॅटरीची लोखंडी चौकट बसवली, दरवाजाच्या पट्टीखालून जाड वायर ओढली, दोन्ही बॅटऱ्यांपासून वीतभर अंतरावर एकेक फ्यूज घातला. संध्याकाळी पाच वाजता फ्रीज गुरगुरू लागला. चार्जरवरचा दिवाही लागला. मास्तरांनी शेवटचा रिवाज म्हणून दुसऱ्या बॅटरीवर मीटर लावलं. बारा पूर्णांक सात. सेल्फ मारला. आता आकडा चौदाच्या वर चढायला हवा होता.

तो बारा-सहावर आला. मग बारा-पाच. मास्तरांनी इंजिनला जोर दिला तर आणखी खाली.

गाडी जितकी पळणार तितका फ्रीज उपाशी राहणार, हा प्रकार मास्तरांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांनी हात पुसले. मग म्हणाले, “अर्थिंग कच्चं आहे,” आणि शेड बंद केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातपासून त्यांनी अर्थिंग शोधलं. बॉडीवरचा रंग खरवडून लोखंड उघडं केलं. फ्यूज बदलले. किल्लीची निळी वायर काढून परत जोडली. डायनॅमो तपासला, तो बिचारा निर्दोष होता. दुसरी बॅटरी बदलून शेडमधली जुनी लावली, तीही तशीच खंगू लागली. दुपारपर्यंत मास्तरांनी त्या गाडीतल्या यच्चयावत वस्तूंवर संशय घेतला. दोनदा स्वतःवरही घेतला, म्हणजे प्रकरण किती थराला गेलं होतं ते कळेल. एकाच गोष्टीवर त्यांनी संशय घेतला नाही. त्या दोन गाठी त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या आणि गाठ चुकते हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं.

बाई चहा घेऊन आल्या. “सापडलं का?”

“भंगार माल आहे,” मास्तर खेकसले. “चार्जरच फुटका निघाला. नवा यायला चार दिवस. काय सांगू मी त्या डॉक्टरबाईंना?”

बाईंनी पेला फळकुटावर ठेवला. तो निम्मा काठाबाहेर होता. मास्तरांनी तो पडता पडता पकडला आणि चिडण्याच्या भरात पुन्हा बॉनेटमध्ये डोकं घातलं.

चार वाजता डॉक्टर आल्या. मास्तरांनी मान खाली घालून जमेल तेवढं सांगितलं. डॉक्टर ओरडल्या नाहीत. त्यांनी फळकुटावरचा कागद उचलला, बॉनेटमध्ये वाकल्या, कागद वर-खाली केला आणि म्हणाल्या, “मास्तर, ही तपकिरी पुढे का आणलीत?”

“ती लाल आहे.”

“ही? ही तपकिरी आहे. लाल तुम्ही मागे नेलीय.”

मास्तरांनी वायर बोटांत धरली. एक गाठ. एक म्हणजे लाल. त्यांनी तीच जुनी युक्ती केली, हाताला लागलेले तीन उरलेले तुकडे फळकुटावरून उचलून पुढे केले. “यातला तपकिरी जरा द्या बरं, मिळवून बघू.” डॉक्टरांनी क्षणाचाही विचार न करता एक तुकडा काढून दिला. त्याच्या दोऱ्यावर दोन गाठी होत्या. हिरवा म्हणून बांधलेला.

वायर उलटी लागल्याचं मास्तरांना काही वाटलं नाही, ते पाच मिनिटांचं काम होतं. चार्जर भला होता, मागच्या बॅटरीतलं घेऊन इमानाने पुढच्या बॅटरीत भरत होता. पण त्यांच्या डोळ्यांसमोर काठाबाहेरचा पेला आला. मग सुईतला दोरा आला. मग टपालवाला, ज्यावर ते आठ दिवस हसले होते. मास्तरांना स्वतःची शरम वाटली.

“माझी चूक,” ते म्हणाले आणि पाना उचलला.

दोन्ही टोकं बदलली. सेल्फ मारला. मीटर तेरा-आठवर गेलं, मग चौदा-तीन दाखवून तिथेच राहिलं. डॉक्टरांनी एखादी गाय सुखरूप व्याल्यासारखी गाडीच्या पाठीवर थाप मारली.

“आता एक सांगा,” त्या म्हणाल्या. “तिकडे खडकात वायर तुटली तर ती माझा ड्रायव्हर जोडणार. या गाठींचा अर्थ काय? कुठली कशाची?”

“ती आमची सही आहे,” मास्तरांच्या तोंडून सवयीने निघालं.

“सही दोन ठिकाणी वेगवेगळी कशी?”

खोट्या गाठी बांधून गाडी अकरा दिवसांसाठी डोंगरात पाठवायची किंवा खरं सांगायचं, एवढेच दोन मार्ग होते. चष्मा आत राहिला म्हणून यातून सुटका नव्हती. मास्तरांनी एका खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि पेन्सिलने लिहिलं : लाल एक, हिरवी दोन, तपकिरी तीन, केशरी चार. मग जुने दोरे कापले, डॉक्टरांना रंग विचारून नवे बांधले आणि मान वर न करता म्हणाले, “मला लाल-हिरवं कळत नाही. कधीच कळलं नाही. आमची मंडळी सांगते, मी गाठी मारतो.”

डॉक्टर हसतील म्हणून ते थांबले. एकोणिसाव्या वर्षापासून ते त्या हसण्यासाठी थांबले होते.

“माझ्या एकाही पेशंटला कळत नाही,” डॉक्टर पुठ्ठा वाचत म्हणाल्या. “गाई, बैल, म्हशी, सगळी तशीच. त्यांचं काही अडलेलं मी पाहिलं नाही.” पुठ्ठा त्यांनी समोरच्या काचेमागे खोचला आणि गाडी घेऊन गेल्या.

मास्तर मधल्या दारातून आत आले. बाई खिडकीशी बसल्या होत्या. सगळं ऐकू आलं होतं, दार उघडंच असायचं.

“कधीपासून?” मास्तरांनी विचारलं.

“पाऊण वर्ष झालं असेल. आधी नुसतं धुरकट होतं. मग रंग पिवळे पडायला लागले.”

“आणि मला सांगता आलं नाही?”

“काय सांगू? माझे डोळे गेले तर तुमची शेड गेली. मी म्हटलं, होईल तेवढं रेटू. अंदाजाने सांगत होते. बरेचसे बरोबर यायचे.”

“अगं पण, मला सांगायचं नाहीस? मला?”

बाई त्यांच्याकडे वळल्या. “तुम्ही कुणाला सांगितलं होतंत?”

मास्तर तिथेच खाली बसले. मग म्हणाले, “मला भीती वाटली आज. शेडची नाही.” बाई म्हणाल्या, “मला रोज वाटायची.”

मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. तपासणाऱ्या डॉक्टरांनी यात विशेष काही नाही अशा सुरात सांगितलं आणि तारीख दिली. मधल्या दिवसांत गुरांच्या डॉक्टर खोऱ्यातून परतल्या. फ्रीज अकरा दिवस चार अंशांवरून हलला नव्हता. सातव्या दिवशी एक वायर दगडाला घासून तुटली, ती ड्रायव्हरने पुठ्ठा वाचून जोडली. हे सांगून झाल्यावर, कुणी काही सांगितलेलं नसताना, त्यांनी बाईंचे डोळे कसे आहेत ते विचारलं आणि पुठ्ठा मागितला तरी परत दिला नाही.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं त्या दिवशी औषधं देणाऱ्या खिडकीतून तीन बाटल्या मिळाल्या. “लाल झाकणाचं दिवसातून चार वेळा, हिरव्याचं दोनदा, पांढऱ्याचं रात्री,” आतल्या मुलीने घोकल्यासारखं सांगितलं. मागे रांग होती. मास्तर म्हणाले, “मला लाल-हिरवं कळत नाही. यातली लाल कुठली ते हातात द्या.” मुलीने दिली. मास्तरांनी खिशातून मेणाचा दोरा काढला आणि तिथेच, रांग खोळंबलेली असताना, बाटल्यांच्या गळ्यांना गाठी मारल्या. मागचा माणूस कुरकुरला. मास्तरांनी दोन गाठी नीट आवळल्या, ओढून पाहिल्या आणि मगच बाजूला झाले.

आठव्या दिवशी बाईंनी काळा चष्मा काढून ठेवला आणि रोल मागवले. मास्तरांनी शेडमधले चौदाच्या चौदा रोल आणून पलंगावर मांडले. बाई एकेक उचलत, उजव्या डोळ्यासमोर धरत आणि दोरा तरी ठेवत किंवा कात्रीने कापून टाकत. पाच चुकले होते. चुकलेला सापडला की त्यांना हसू यायचं आणि मास्तर मुकाट्याने नवी गाठ मारायचे.

सहावा की सातवा रोल घेताना त्यांनी वर पाहिलं आणि हात तसाच राहिला.

“अहो, तुमचे केस केवढे पांढरे झालेत!”

“मला माहीत आहे,” मास्तर म्हणाले. “तो रंग मला दिसतो.”

“मग मला बोलला नाहीत कधी?”

मास्तरांनी दोऱ्याचं टोक दातांनी तोडलं. “मला वाटलं, तुला दिसत असेल,” ते म्हणाले आणि पुढचा रोल त्यांनी तिच्या हातात दिला.